अस्तराची जाडी आणि अस्तराचा वाफसा : एंडोमेट्रिओसिस असताना गर्भ रुजण्याचा प्रश्न कसा हाताळावा

राजारामपुरीतील किंवा शाहूपुरीतील कोणत्याही स्त्रीरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात फॉलिक्युलर स्टडीसाठी (स्त्रीबीज आणि अस्तर यांची वाढ पाहणाऱ्या सोनोग्राफीसाठी) थांबलेल्या स्त्रियांचे बोलणे कानावर पडले, तर त्यात एक आकडा हमखास येतो. कुणाचे गर्भाशयाचे अस्तर साडेसात मिलिमीटर आलेले असते, कुणाचे नऊ, आणि साडेसातवालीला नऊवालीचा हेवा वाटत असतो. ज्यांना एंडोमेट्रिओसिस, म्हणजे अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार, आहे त्यांची या आकड्याने विशेष फसगत होते, कारण त्यांच्या अस्तराची जाडी बहुतेक वेळा अगदी ठीक असते आणि तरीही गर्भ रुजत नाही.

करवीर, कागल, पन्हाळा या भागांत शेती पाहत वाढलेल्यांना यामागचे कारण चटकन समजेल. जमीन कितीही खोल नांगरलेली असो, पेरणी खोली पाहून होत नाही, वाफसा पाहून होते. पाऊस उघडल्यावर माती चिखलही नाही आणि कोरडीही नाही अशा स्थितीत येते ते मोजके दिवस साधले तर पेरलेले उगवते, आणि हुकले तर चांगले बियाणेही वाया जाते. गर्भाशयाच्या अस्तरालाही पाळीच्या प्रत्येक चक्रात असा एक वाफसा येतो, आणि सोनोग्राफीतील मिलिमीटर त्याविषयी फार थोडे सांगतात. (बी आणि शेत ही उपमा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बाईला दोष देण्यासाठी वापरली गेली आहे, म्हणून सांगणे भाग आहे की येथे ती केवळ वेळेपुरती घेतली आहे. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडील कारणही असते.)

हा लेख वाचून कुणी स्वतःचे औषध ठरवू नये. आपल्या शरीरात काय चालले आहे ते समजून घेणे, फाइल नीट लावणे, तपासण्या योग्य क्रमाने करून घेणे आणि डॉक्टरांना नेमके प्रश्न विचारणे यासाठी तो लिहिला आहे.

आजार नेमका कोणता

गर्भाशयाच्या आत जे अस्तर असते, त्याच्यासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर म्हणजे अंडाशयावर, ओटीपोटाच्या आतल्या आवरणावर, गर्भाशय आणि गुदाशय यांच्यामधील खोबणीत, कधी आतड्यावर किंवा मूत्राशयावर वाढू लागल्या की त्याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. अंडाशयात जुने रक्त साठून जी गाठ होते, तिला तिच्यातील गडद तपकिरी द्रवामुळे ‘चॉकलेट सिस्ट’ हे नाव पडले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरातील जवळजवळ १९ कोटी, स्त्रिया आणि मुलींना हा आजार आहे.

पाळीचे थोडे रक्त नळ्यांतून उलटे पोटात जाते आणि तेथे या पेशी रुजतात, ही उपपत्ती अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन सॅम्पसन यांनी १९२७ मध्ये मांडली. ती आजही मुख्य मानली जाते, परंतु तिच्यात एक अडचण आहे. असे उलटे रक्त बहुसंख्य स्त्रियांच्या पोटात जाते आणि आजार मात्र दहांतल्या एकीलाच होतो. त्यामुळे रोगप्रतिकारशक्तीचा आणि मूळ अस्तराच्याच वेगळ्या स्वभावाचा यात वाटा असावा, असे अभ्यासक मानतात. आपल्या विषयाच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण त्यामुळे पोटातील गाठी काढून टाकल्या म्हणजे गर्भाशयातील अस्तर आपोआप पूर्ववत झाले असे धरून चालता येत नाही.

निदानाला उशीर होण्याचे एक कारण आपल्या घरांतच आहे. पाळीत मुलगी शाळेला जाऊ शकत नाही, तिला उलट्या होतात, शौचाच्या वेळी कळ येते, लग्नानंतर संबंधाच्या वेळी आत खोलवर दुखते, आणि या सर्वांवर ‘लग्न झालं की थांबतं’ किंवा ‘एक बाळंतपण झालं की जातं’ असे उत्तर मिळते. दुखणे अंगावर काढण्याची ही सवय मोडणे हीच खरे तर उपचाराची पहिली पायरी आहे.

अस्तरात काय बिघडते

पाळीच्या पहिल्या पंधरवड्यात अंडाशयातील इस्ट्रोजेन अस्तर वाढवते. स्त्रीबीज सुटल्यानंतर प्रोजेस्टेरॉन येते आणि ते ही वाढ थांबवून अस्तराचे रूप पालटते. ग्रंथी स्रवू लागतात, त्यांच्यामधील पेशी फुगीर होतात, रक्तवाहिन्या वळणदार होतात, आणि एरवी गर्भाला चिकटू न देणारा अस्तराचा पृष्ठभाग मोजक्या दिवसांसाठी चिकटू देणारा होतो. २८ दिवसांच्या चक्रात हा काळ साधारण २० ते २४ या दिवसांत येतो. नळीत फळलेला गर्भ चौथ्या दिवसाच्या सुमारास गर्भाशयात उतरतो, पाचव्या-सहाव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट या अवस्थेला पोहोचून आपले कवच सोडतो, आणि मग अस्तराला टेकणे, चिकटणे व आत शिरणे हे तीन टप्पे पार पाडतो. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, पुढे टिकलेल्या गर्भधारणांपैकी ८४ टक्के गर्भ स्त्रीबीज सुटल्यानंतरच्या आठव्या, नवव्या किंवा दहाव्या दिवशी रुजलेले आढळले. त्याहून उशिरा रुजलेल्या गर्भांपैकी अधिक गर्भ लवकर गळून गेले.

एंडोमेट्रिओसिसमध्ये या साखळीतील जी कडी सर्वांत कच्ची होते तिला तज्ज्ञ ‘प्रोजेस्टेरॉन रोध’ म्हणतात. रक्तात प्रोजेस्टेरॉन पुरेसे असते, परंतु अस्तरातील पेशी त्याचे ऐकत नाहीत. गुऱ्हाळावर काहिलीतील रस पाकाला आला की गुळव्या जाळ ओढायला सांगतो. जाळ घालणाऱ्याला ते ऐकूच गेले नाही तर पाक बिघडतो, मग ऊस कितीही चांगला असो. येथेही तसेच होते. प्रोजेस्टेरॉनचा संदेश घेणारे ग्राही, त्यांतही ‘बी’ प्रकारचे, कमी झालेले असतात. तीव्र स्वरूपाच्या इस्ट्रोजेनचे सौम्य स्वरूपात रूपांतर करणारे जे विकर या काळात वाढायला हवे, ते पुरेसे वाढत नाही. अस्तराला गर्भस्वीकारासाठी तयार करणारे ‘हॉक्स-ए-१०’ हे जनुक आणि गर्भाला धरून ठेवण्यात भाग घेणारी ‘अल्फा-व्ही-बीटा-३ इंटिग्रिन’ ही प्रथिने ऐन वेळी कमी आढळतात, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. म्हणजे अस्तर वाढलेले असते, पण पालटलेले नसते, आणि सोनोग्राफीला फक्त वाढ दिसते.

दुसरी गोष्ट सुजेची. पोटातील एंडोमेट्रिओसिसच्या जागा स्वतःच इस्ट्रोजेन तयार करतात, त्या इस्ट्रोजेनमुळे प्रोस्टाग्लँडिन हे दुखणे आणि सूज वाढवणारे रसायन वाढते आणि प्रोस्टाग्लँडिनमुळे पुन्हा इस्ट्रोजेन. हे चक्र फिरत राहते, म्हणून दुखणेही राहते आणि सूजही. या सुजेची रसायने ओटीपोटातील द्रवात मिसळतात. त्यांचा त्रास स्त्रीबीजाला, शुक्रजंतूंना आणि नळीतून उतरणाऱ्या गर्भाला होऊ शकतो. याच रसायनांमुळे अस्तराचा प्रोजेस्टेरॉनला मिळणारा प्रतिसाद आणखी मंदावतो, असे मानले जाते.

यात ॲडिनोमायोसिसची भर पडली, म्हणजे अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाच्या स्नायूंतही शिरल्या, तर गर्भ रुजण्याचे प्रमाण आणखी घटते आणि गर्भपाताची शक्यता वाढते. हे दोन्ही आजार पुष्कळदा एकत्र असतात. ‘पिशवी जरा मोठी आहे’ एवढेच वाक्य अहवालात असेल, तर त्याचा अर्थ ॲडिनोमायोसिस आहे का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे.

तरीही सगळा दोष अस्तराच्या माथी मारू नये

इतके वाचल्यावर आपले अस्तरच खराब आहे असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. दात्याचे स्त्रीबीज वापरून केलेल्या उपचारांचे अभ्यास येथे फार बोलके आहेत. निरोगी दात्याच्या स्त्रीबीजापासून तयार झालेला गर्भ एंडोमेट्रिओसिस असलेल्या स्त्रीच्या गर्भाशयात सोडला, तेव्हा अनेक अभ्यासांत तो इतर स्त्रियांइतकाच रुजला. उलट, स्त्रीबीज देणारीला एंडोमेट्रिओसिस होता तेव्हा रुजण्याचे प्रमाण कमी आढळले. तीव्र आजारात अस्तराचाही अडथळा दिसला असे सांगणारे अभ्यास आहेत, त्यामुळे वाद मिटलेला नाही. पण या सगळ्यांतून एवढे नक्की निघते की अस्तराचा बिघाड खरा आहे, मात्र पुष्कळ स्त्रियांच्या बाबतीत स्त्रीबीजाची संख्या आणि प्रत हा त्याहून मोठा प्रश्न असतो.

वयाचे गणित तर कुणालाच चुकत नाही. गर्भ न रुजण्याचे सर्वांत वारंवार आढळणारे कारण म्हणजे गर्भातील गुणसूत्रांचा दोष. चाळिशीतील स्त्रीच्या निम्म्याहून अधिक गर्भांत असा दोष असतो आणि त्यावर अस्तराचे कोणतेही औषध चालत नाही. म्हणून पस्तिशी जवळ आलेल्या स्त्रीने अस्तर सुधारण्यात वर्ष घालवणे हा बहुधा तोट्याचा व्यवहार ठरतो. निरोगी जोडप्यात दर महिन्याला दिवस राहण्याची शक्यता १५ ते २० टक्के असते, तर एंडोमेट्रिओसिसमध्ये ती २ ते १० टक्के सांगितली जाते. एरवी पस्तिशीच्या आत वर्षभर आणि पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करून मग तपासणी करावी असा नियम आहे. एंडोमेट्रिओसिस माहीत असेल तर इतकेही न थांबता सल्ला घ्यावा.

फाइल

आपल्याकडे बहुतेक स्त्रिया सोनोग्राफीच्या फिल्म, चिठ्ठ्या आणि रक्ताचे अहवाल एका प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून आणतात. डॉक्टरांना मिळणाऱ्या दहा मिनिटांतील पाच त्या पिशवीत कागद शोधण्यात जातात. शंभर पानी वही घ्यावी आणि पहिल्या पानावर वय, लग्नाचे वर्ष, प्रयत्न कधीपासून सुरू आहेत, आधी दिवस गेले होते का, गर्भपात किंवा नळीतील गर्भ झाला होता का, हे लिहावे. दुसऱ्या पानावर शस्त्रक्रिया. दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली असेल तर केवळ ‘सिस्ट काढली’ एवढे पुरत नाही. शस्त्रक्रियेचा सविस्तर टाचण, आजाराचा टप्पा, नळ्या मोकळ्या होत्या की चिकटलेल्या आणि पेशीपरीक्षणाचा अहवाल हे सर्व रुग्णालयाकडून मागून घ्यावे. ते मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे. या माहितीवरून डॉक्टर ‘एंडोमेट्रिओसिस फर्टिलिटी इंडेक्स’ नावाचा ० ते १० गुणांचा आकडा काढू शकतात. शस्त्रक्रियेनंतर नैसर्गिकरीत्या दिवस राहण्याची शक्यता किती, याचा अंदाज आजाराच्या टप्प्यापेक्षा हा आकडा बराच चांगला देतो.

मग पाळीची नोंद. स्वच्छ लाल रक्तस्राव सुरू झालेला दिवस हा पहिला दिवस धरावा, आदल्या दिवशीचे तपकिरी डाग वेगळे लिहावेत. दुखणे ० ते १० मध्ये लिहावे आणि ते रक्तस्रावाच्या आधी सुरू होते की नंतर, शौच-लघवी-संबंध यांपैकी कशाच्या वेळी वाढते, कोणती गोळी किती घेतली, हेही लिहावे. कोल्हापुरात एक नोंद कधीही विसरू नये. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनासाठी, गौरी-गणपतीत किंवा जोतिबाच्या यात्रेच्या वेळी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात. त्या गोळ्यांत प्रोजेस्टेरॉनसारखेच कृत्रिम संप्रेरक असते आणि त्या महिन्याचे चक्र नैसर्गिक राहत नाही. त्यावरून स्त्रीबीजाचा दिवस, वाफशाचा दिवस किंवा पाळी किती नियमित आहे हे काहीच ठरवता येत नाही. गोळी घेतली म्हणून कुणी रागावणार नाही, मात्र लपवली तर गणित चुकते.

मिश्री लावत असल्यास तीही लिहावी. जिल्ह्याच्या ग्रामीण भागात मिश्रीला कुणी व्यसन समजत नाही, पण ती तंबाखूच आहे, आणि तंबाखूने स्त्रीबीज, गर्भधारणा आणि बाळाचे वजन या तिन्हींचे नुकसान होते. पतीचा गुटखा, तंबाखू, दारू आणि घेतलेली काढे-चूर्णेही त्याच पानावर लिहावीत.

तपासणीचा क्रम

अस्तराची महागडी तपासणी पहिल्यांदा सुचवली गेली तर आधी बाकीचे झाले आहे का, हे पाहावे. पतीची वीर्यतपासणी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टाळली जाणारी तपासणी आहे. ती सगळ्यांत आधी व्हावी. त्यासोबत स्त्रीचे एएमएच (अंडाशयात किती स्त्रीबीजे शिल्लक आहेत याचा अंदाज देणारी रक्ततपासणी), थायरॉईड, साखर, हिमोग्लोबिन, आणि अनुभवी व्यक्तीने केलेली योनीमार्गे सोनोग्राफी करावी. सोनोग्राफी करताना अंडाशये एकमेकांना किंवा गर्भाशयामागे चिकटली आहेत का, गर्भाशय आणि आतडे एकमेकांवर मोकळेपणाने सरकतात का, ॲडिनोमायोसिसच्या खुणा आहेत का, हे मुद्दाम पाहण्यास सांगावे. अविवाहित मुलीसाठी पोटावरून सोनोग्राफी किंवा एमआरआय हा पर्याय असतो. सोनोग्राफी निर्दोष आली म्हणून आजार नाही असे मात्र ठरत नाही, कारण आवरणावरील बारीक ठिपके तिच्यात दिसत नाहीत. रक्तातील सीए-१२५ या तपासणीवरूनही निदान करू नये, असे युरोपातील मानवी प्रजनन संघटनेने, म्हणजे एश्रेने, २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले आहे. पूर्वी निदानासाठी दुर्बीण घालणे अनिवार्य मानत. आता सोनोग्राफी किंवा एमआरआय यांवरून काही निश्चित होत नसेल किंवा औषधाने गुण येत नसेल, तेव्हाच ती सुचवली जाते.

त्यानंतर नळ्या. एखादी नळी पाण्याने फुगलेली असेल तर तिच्यातील द्रव गर्भाशयात झिरपून गर्भाला बाधतो. आयव्हीएफपूर्वी, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करून गर्भाशयात सोडण्याच्या उपचारापूर्वी, अशी नळी काढणे किंवा बंद करणे याला भक्कम पुरावा आहे, आणि अस्तराच्या नावाने जे अपयश लिहिले जाते त्यातील काही या नळीचे असते.

अस्तराच्या दोन आजारांचा विचार येथे करावा लागतो. एक म्हणजे अस्तराची दीर्घकालीन सूज. एंडोमेट्रिओसिस असलेल्या स्त्रियांत ती अधिक आढळते, अस्तराच्या तुकड्यावर सीडी-१३८ हे रंजक वापरून ओळखता येते आणि बहुधा प्रतिजैविकांच्या एका क्रमाने बरी होते. दुसरा आपल्या देशातला जुना शत्रू, जननेंद्रियांचा क्षय. तो अस्तर पातळ करतो, आत चिकटे पाडतो, नळ्या बंद करतो आणि कधी कधी एंडोमेट्रिओसिससारखाच दिसतो. त्याची शंका घेणे योग्यच आहे, पण केवळ पीसीआर ही जंतूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी ‘पॉझिटिव्ह’ आली एवढ्यावर सहा महिने औषधे सुरू करण्यापूर्वी दुसरा पुरावा काय आहे, हे विचारावे. क्षयाची औषधे सरकारी यंत्रणेत विनामूल्य मिळतात.

खर्च झेपत नसेल तर सुरुवात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाच्या, म्हणजे आपल्या सीपीआरच्या, स्त्रीरोग बाह्यरुग्ण विभागातून करावी. ते राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले आहे. प्राथमिक तपासण्या हाती घेऊन नंतर खासगी केंद्रात गेल्यास त्याच तपासण्या पुन्हा करण्याचे पैसे वाचतात. आयव्हीएफ केंद्र निवडताना ते कोल्हापुरातील असो, मिरज-सांगलीचे असो वा पुण्याचे, २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याखाली त्याची नोंदणी असल्याचे प्रमाणपत्र पाहावे. या कायद्याने उपचारासाठी स्त्रीचे वय २१ ते ५० आणि पुरुषाचे २१ ते ५५ असे ठरवले आहे.

औषधे आणि शस्त्रक्रिया : वेळ कुठे वाया जातो

डायनोजेस्ट, गर्भनिरोधक गोळ्या किंवा महिन्याला घेण्याची ल्युप्रोलाइडसारखी इंजेक्शने दुखण्यावर उत्तम काम करतात, पण ती चालू असताना स्त्रीबीज बहुधा सुटतच नाही. त्यामुळे ‘सहा महिने औषध घ्या, आजार सुकेल, मग आपोआप दिवस राहतील’ हा सल्ला मूल हवे असलेल्या स्त्रीसाठी योग्य नाही. गर्भधारणेची शक्यता वाढवण्यासाठी अशी संप्रेरके देऊ नयेत, असे २०२२ च्या त्याच सूचनांत स्पष्ट म्हटले आहे. माझ्या नात्यातील एका मुलीला वयाच्या छत्तिसाव्या वर्षी एका दवाखान्यात सहा महिने इंजेक्शने देण्यात आली, नंतर तीन महिने ‘पाळी सुरळीत होऊ द्या’ म्हणून थांबवण्यात आले, आणि त्या नऊ महिन्यांत तिचे एएमएच कितीने खाली आले हे कुणी मोजलेही नाही. तिचे दुखणे थांबले होते, त्यामुळे घरातील सर्वांना उपचार यशस्वी वाटला होता.

आयव्हीएफमध्ये गर्भ गोठवून ठेवल्यानंतर, ट्रान्सफरपूर्वी, म्हणजे तो गर्भाशयात सोडण्यापूर्वी, दोन-तीन महिने इंजेक्शनने अस्तर शांत करणे ही वेगळी गोष्ट आहे. स्त्रीबीजे आधीच काढलेली असल्याने वयाचा तोटा होत नाही, आणि ॲडिनोमायोसिस असताना अनेक तज्ज्ञ हा मार्ग घेतात. सरसकट प्रत्येकीला त्याचा फायदा होतो असा पुरावा मात्र नाही. एश्रेने पूर्वी आयव्हीएफआधीच्या दीर्घ इंजेक्शन-उपचाराची शिफारस केली होती, २०२२ मध्ये ती मागे घेतली. म्हणून ‘माझ्या बाबतीत हे कशासाठी?’ हा प्रश्न विचारणे गैर नाही.

चॉकलेट सिस्टच्या शस्त्रक्रियेबाबत माझे मत थोडे कडक आहे. सिस्ट सोलून काढताना अंडाशयाचा निरोगी भागही थोडा जातोच आणि एएमएच उतरते. दोन्ही अंडाशयांवर किंवा पुन्हा शस्त्रक्रिया करताना हे नुकसान अधिक. केवळ आयव्हीएफचे यश वाढावे म्हणून सिस्ट काढण्याची शिफारस केली जात नाही. असह्य दुखणे, स्त्रीबीजे काढताना सुई पोहोचण्यात अडथळा किंवा गाठीच्या स्वरूपाविषयी शंका ही कारणे खरी आहेत. शस्त्रक्रिया ठरलीच तर आधी एएमएच करून घ्यावे आणि स्त्रीबीजे गोठवण्याचा पर्याय विचारावा. आजार सौम्य असताना, म्हणजे पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात, दुर्बिणीने ठिपके जाळण्याचा उपयोग होऊ शकतो. १९९७ च्या कॅनडातील चाचणीत अशा उपचारानंतर ३६ आठवड्यांत ३०.७ टक्के स्त्रियांना दिवस राहून टिकले, नुसती दुर्बीण घालून पाहिलेल्यांत १७.७ टक्के. त्यानंतर काही महिने नैसर्गिक प्रयत्न किंवा गोळ्या-इंजेक्शनांसह आययूआय (शुक्रजंतू थेट गर्भाशयात सोडणे) करता येते. आजार तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात असेल, नळ्या खराब असतील किंवा वय वाढलेले असेल तर आयव्हीएफला उशीर करू नये.

‘अस्तर सुधारण्यासाठी’ विकल्या जाणाऱ्या गोष्टी

एकदा गर्भ रुजला नाही की याद्या येऊ लागतात. अस्तराचा वाफसा जनुकांवरून ओळखू म्हणणारी ‘ईआरए’ तपासणी त्यांत सर्वांत मोहक आहे, कारण कल्पना अगदी पटण्यासारखी आहे. परंतु २०२२ साली जामा या नियतकालिकात आलेल्या चाचणीत, ईआरएप्रमाणे वेळ ठरवून केलेल्या ट्रान्सफरनंतर ५८.५ टक्के आणि नेहमीच्या वेळी केलेल्या ट्रान्सफरनंतर ६१.९ टक्के स्त्रियांना जिवंत बाळ झाले, म्हणजे काही फायदा दिसला नाही. अस्तर खरवडण्याची प्रक्रिया २०१९ च्या मोठ्या चाचणीत तशीच निरुपयोगी ठरली. दोन्ही गटांत जन्मदर २६.१ टक्केच आला. ‘बीसीएल-६’ नावाच्या प्रथिनाची तपासणी एंडोमेट्रिओसिसच्या संदर्भात सुचवली जाते. या प्रथिनाचा प्रोजेस्टेरॉन रोधाशी संबंध दिसलेला आहे, पण ते पाहून उपचार बदलल्याने अधिक बाळे जन्माला येतात हे सिद्ध करणारा भक्कम पुरावा अजून नाही.

आहाराविषयी थोडक्यात. फॉलिक ॲसिड दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम प्रयत्नांच्या काळापासूनच सुरू करावे. रक्तस्राव जास्त असेल तर लोहाच्या गोळ्या घ्याव्यात. कोल्हापुरी गुळाचा अभिमान रास्त आहे, पण त्यावर हिमोग्लोबिन भरून निघत नाही. तांबडा रस्सा सोडल्याने अस्तर सुधारते असेही नाही.

ट्रान्सफर आणि त्यानंतर

प्रोजेस्टेरॉन सुरू करण्यापूर्वी अस्तर साधारण ७ मिलिमीटरच्या पुढे आणि तीन पदरी दिसले असले की जाडीचा विषय संपला, असे समजावे. खरे लक्ष प्रोजेस्टेरॉनकडे द्यावे. ते केव्हा सुरू झाले यावर वाफशाचा दिवस ठरतो. पाच दिवसांचा गर्भ असेल तर प्रोजेस्टेरॉनचेही तितकेच दिवस भरावे लागतात. म्हणून पहिली मात्रा कोणत्या तारखेला, किती वाजता घेतली हे वहीत लिहावे, आणि एखादी मात्रा चुकली तर ती लपवून पुढची दुप्पट न घेता केंद्राला कळवावे. योनीमार्गातील गोळी बाहेर येते आहे, इंजेक्शनच्या जागी गाठ येते आहे, अशा तक्रारी क्षुल्लक समजू नयेत. मार्ग बदलता येतो.

अंथरुणावर पडून राहण्याने गर्भ रुजण्यास मदत होत नाही, हे अनेक चाचण्यांत दिसले आहे. तरीही ‘गाडीचा धक्का लागला असेल’ हे वाक्य अपयशानंतर हमखास ऐकू येते, आणि गगनबावड्याहून किंवा आंबोली घाटातून एसटीने आलेली बाई आयुष्यभर स्वतःला दोष देत राहते. गर्भाशय ही पोकळ डबी नाही. तिच्या दोन्ही भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये, अस्तराच्या मऊ थरात, मिलिमीटरच्या पाचव्या भागाहूनही लहान असा गर्भ असतो. तो घाटातल्या वळणावर सांडत नाही. घरातील नेहमीची कामे, चालणे, जिना चढणे चालते.

घरी लघवीची चाचणी लवकर करू नये. स्त्रीबीज पिकवण्यासाठी एचसीजीचे, म्हणजे ही चाचणी ज्या संप्रेरकाचा शोध घेते त्याचेच, इंजेक्शन दिलेले असेल तर त्याचा अंश पुढे दहा-चौदा दिवस राहून खोटी ‘पॉझिटिव्ह’ रेघ दाखवू शकतो. केंद्राने सांगितलेल्या दिवशी रक्ताचीच बीटा एचसीजी तपासणी करावी, आणि आली तर दोन दिवसांनी पुन्हा करून आकडा वाढतो का ते पाहावे. चाचणी निगेटिव्ह आली तर पुढच्या भेटीत गर्भाची प्रत काय होती, किती गर्भ गोठवलेले शिल्लक आहेत आणि पुढील वेळी नेमके काय, कोणत्या कारणासाठी बदलणार, हे तीन प्रश्न लिहून न्यावेत. एका अपयशावरून अस्तर दोषी ठरत नाही.

चाचणी पॉझिटिव्ह आली तरी प्रोजेस्टेरॉन स्वतःहून बंद करू नये. एंडोमेट्रिओसिसमध्ये नळीत गर्भ राहण्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी अधिक असते, त्यामुळे सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफी करून गर्भ पिशवीतच आहे याची खात्री करून घ्यावी. त्या आधी एका बाजूला तीव्र कळ आली, खांदा दुखू लागला, चक्कर आली किंवा रक्तस्राव झाला, तर ते नेहमीचेच एंडोमेट्रिओसिसचे दुखणे समजून गोळी घेऊन झोपू नये. रात्र असली तरी जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे आणि दारातच सांगावे की दिवस राहिले आहेत व गर्भ कुठे आहे ते अजून पाहिलेले नाही.